देहाचे प्रतिरूप आणि देवाचे प्रतिरूप

कुर्ला हे नाव आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही बहुतेकांस ठाऊक आहे. दूरदूरच्या आगगाड्या तेथील लोकमान्य टिळक टर्मिनसावर येऊन थांबतात. पोटासाठी मुंबई गाठणारा तरुण असो, की आजारी लेकराला मोठ्या दवाखान्यात नेणारे आईबाप असोत, पुष्कळांचे पहिले पाऊल मुंबईच्या भूमीवर तेथेच पडते. परंतु ह्याच कुर्ला तालुक्यात, पवईच्या तलावाजवळ, जे एक काम चालले आहे त्याची वार्ता आपल्यापैकी थोड्यांसच असेल. १९५८ साली स्थापन झालेल्या तेथील आय. आय. टी. ह्या विद्यालयात मनुष्याच्या देहातील सूक्ष्म पेशी देहाबाहेर काढून, देहासारख्याच मऊ अंथरुणावर ठेवून वाढविल्या गेल्या आहेत. आणि अशा पेशींस आपण देहातच आहोत असे वाटावे, अशी लहान लहान उपकरणे आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तयार होत आहेत.

ही वार्ता खेड्यात येते तेव्हा दोन रूपे घेऊन येते. एक जण म्हणतो, "माणसे आता देवाचे काम आपल्या हाती घेऊ लागली, ह्याचा शेवट बरा होणार नाही." दुसरा म्हणतो, "आता कसलाही रोग राहणार नाही; शहरात जाऊन एक सुई टोचून घेतली की पांगळा चालू लागेल." पहिल्याच्या मनात भय आहे, दुसऱ्याच्या मनात उतावळी आशा आहे. दोघेही आपला प्रश्न घेऊन पाळकाकडे किंवा उपदेशकाकडेच येतात. त्यांस उत्तर देणाऱ्याने गोष्ट नीट समजून घेतली नसेल, तर तो एकाचे भय वाढवील आणि दुसऱ्याचे शेत विकावयास लावील. यास्तव ह्या विषयाचा विचार आपण शांत मनाने, देवासमोर बसून करू.

प्रथम गोष्ट काय आहे ती पाहू. आपला देह असंख्य पेशींचा बनलेला आहे. भिंतीला जशा विटा तशा देहाला पेशी, असे शाळेत शिकवितात. परंतु वीट निर्जीव असते, आणि पेशी जिवंत असून अन्न घेते, वाढते व दुभंगून आपल्यासारखी दुसरी उत्पन्न करिते. बहुतेक पेशी आपापल्या धंद्यास लागलेल्या असतात. कातडीची पेशी कातडीचे काम करिते, यकृताची यकृताचे, रक्ताची रक्ताचे. मात्र काही थोड्या पेशींनी अजून आपला धंदा धरलेला नसतो. गरजेप्रमाणे त्यांच्यापासून निरनिराळ्या कामांच्या पेशी निपजतात. त्यांस मूलपेशी म्हणतात; डॉक्टर लोक स्टेम सेल म्हणतात. हाडांच्या मज्जेत त्या असतात, आणि जन्माच्या वेळी जी नाळ आपण टाकून देतो तिच्यातही असतात.

ह्या पेशींचा उपयोग अगदी नवा नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली एका मनुष्याची मज्जा दुसऱ्यास देऊन रक्ताच्या कर्करोगावर उपचार करण्यात आला, व तेव्हापासून अनेकांस त्या मार्गाने जीवदान मिळाले. आपल्या ख्रिस्ती लोकांस विशेष ममतेची अशी वेल्लोर येथील संस्था, जी आयडा स्कडर बाईंनी १९०० साली एका लहानशा दवाखान्याने आरंभिली, तिच्यातील डॉक्टरांनी हिमोफिलिया ह्या रोगाच्या पाच रुग्णांच्या स्वतःच्याच मूलपेशी काढून, त्यांत उणा असलेला गुण घालून, त्या पुनः त्यांच्या देहात सोडल्या. हिमोफिलियात थोडेसे लागले तरी रक्त थांबत नाही. पाचही जणांचा रक्तस्राव थांबल्याचे वृत्त २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. ह्यावरून मूलपेशींविषयीची सर्वच आशा खोटी नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता पवईकडे वळू. पेशी देहाबाहेर वाढवावयाच्या तर पूर्वीपासून त्या प्लास्टिकच्या चपट्या बशीत ठेवीत. परंतु देहातील बहुतेक जागा प्लास्टिकाहून पुष्कळ मऊ असतात. २००६ साली अमेरिकेतील ॲडम एंग्लर, डेनिस डिशर व त्यांचे सोबती ह्यांनी दाखविले की, मज्जेतील एकाच जातीच्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ पृष्ठावर ठेविल्या तर त्या मज्जातंतूंच्या पेशींसारख्या होऊ लागतात, स्नायूइतक्या घट्ट पृष्ठावर ठेविल्या तर स्नायूसारख्या, आणि कोवळ्या हाडाइतक्या कठीण पृष्ठावर ठेविल्या तर हाडासारख्या. पेशी आपले अंथरूण चाचपून पाहते व त्याप्रमाणे आपला मार्ग धरते, असा ह्याचा अर्थ झाला.

पवईचे प्राध्यापक अभिजित मजुमदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच वाटेने पुढे जाऊन एक उपयोगी गोष्ट शोधिली, व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. मनुष्याच्या मूलपेशी कठीण बशीत पुनःपुनः वाढविल्या की त्या लवकर थकतात, म्हाताऱ्या होतात व आपली शक्ती गमावितात. रोग्यासाठी पेशी पुष्कळ लागतात. त्या वाढविता वाढविताच निकामी झाल्या तर उपयोग काय? ह्या मंडळींनी पेशींखाली ताडगोळ्यासारखे मऊ जेल घातले व ४५ दिवस त्यांची जोपासना केली. मऊ अंथरुणावरील पेशींचे दुभंगणे मंदावले नाही, त्यांच्यात म्हातारपणाची चिन्हे दिसली नाहीत, आणि बशीतील पेशींच्या मानाने त्यांची वाढ कितीतरी पटींनी अधिक झाली.

ह्याच तत्त्वावर त्या देहासारख्या उपकरणांची उभारणी झाली आहे. २००९ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स व तोशिरो सातो ह्यांनी उंदराच्या आतड्यातील एका मूलपेशीपासून, मऊ जेलमध्ये, आतड्याच्या अस्तरासारखा एक बारीक गोळा वाढविला. २०१० साली अमेरिकेत डोनाल्ड इंगबर व डॅन हू ह्यांनी अंगठ्याएवढ्या एका पारदर्शक तुकड्यात फुप्फुसाची नक्कल केली. त्यात एक सच्छिद्र पातळ पडदा आहे. पडद्याच्या एका बाजूस फुप्फुसाच्या पेशी व त्यांच्यावर हवा, दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या पेशी व त्यांच्याखालून वाहणारे पोषक पाणी. दोन्ही कडांच्या पोकळीतील हवा ओढली व सोडली म्हणजे पडदा ताणतो व सैल पडतो, जणू तो तुकडा श्वास घेत आहे. असेच यकृताचे, मूत्रपिंडाचे व आतड्याचे तुकडे झाले आहेत. नवे औषध प्रथम त्यांत घालून पाहता येते. भारत सरकारनेही मार्च २०२३ मध्ये औषधांच्या परीक्षेच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीने किंवा त्यांच्या ऐवजी अशा उपकरणांचा पुरावा सादर करण्यास वाट मोकळी केली.

इतके समजल्यावर पहिला प्रश्न घेऊ. हे करणे म्हणजे उत्पन्नकर्त्याची बरोबरी करणे आहे काय?

पेरणाऱ्याचा दृष्टांत आपल्या सर्वांस पाठ आहे. बी एकच, पण ते वाटेवर पडले, खडकावर पडले, काट्यांत पडले, चांगल्या जमिनीत पडले, आणि जमिनीप्रमाणे त्याची गती झाली. पवईच्या त्या अंथरुणाची गोष्ट ऐकून कोणाही शेतकऱ्यास हा दृष्टांत आठवेल. आता विचार करा: जो शेतकरी जमीन नांगरतो, ढेकळे फोडतो, खत घालतो, त्यास आपण बी उत्पन्न करणारा म्हणतो काय? अंकुर फुटण्याची शक्ती त्याने दिली नाही. ती बियातच होती. तसेच प्रयोगशाळेतील मनुष्य जीव उत्पन्न करीत नाही. त्याने अंथरूण मऊ केले. वाढण्याचा गुण पेशीत अगोदरच होता. जमिनीची मशागत करणे हे पाप नसेल तर पेशीखालची जमीन मऊ करणे हेही आपल्या स्वरूपाने पाप नव्हे. देवाने मनुष्यास बाग राखावयास व तिची मशागत करावयास ठेविले, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचितो. ज्ञान हे त्या मशागतीचेच एक अवजार आहे.

कोणी म्हणेल, "परंतु ती पेशी माणसाची आहे, जिवंत आहे. मग तिच्यात माणूस नाही काय?" ह्याचे उत्तर त्याच दृष्टांतात आहे, पण थोडे पुढे जाऊन पाहावे लागते. पेशी आपल्या अंथरुणाची आज्ञा मोडू शकत नाही. कठीण पृष्ठावर ठेविली की ती हाडाकडे वळते. तिला निवड नाही, पश्चात्ताप नाही, प्रार्थना नाही. मनुष्याचे तसे नाही. दारिद्र्याच्या, अपमानाच्या व उपासमारीच्या कठीण भूमीत वाढलेली किती तरी माणसे आपल्या मंडळ्यांत अंतःकरणाने लोण्याहून मऊ झालेली आपण पाहतो. आणि मऊ गादीवर वाढलेली किती तरी अंतःकरणे दगडाची असतात. मनुष्य आपल्या भूमीचा बांधलेला गुलाम नाही, कारण त्याच्यात देवाचे प्रतिरूप आहे. त्या पारदर्शक तुकड्यात देहाचे प्रतिरूप आहे, देवाचे नाही. त्यास आत्मा आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही, व त्याची पूजा करण्याचेही कारण नाही.

मग ह्या कामात चांगलेवाईट पारखण्याचे माप कोणते? माझ्या मते ते एकच आहे, व ते साधे आहे. देहाचे प्रतिरूप अशासाठी निर्माण केले जाते की, देवाचे प्रतिरूप असलेल्या मनुष्यास प्रयोगाचे भांडे व्हावे लागू नये. ज्या ठिकाणी उपकरण मनुष्याचे रक्षण करिते त्या ठिकाणी त्याचे स्वागत करावे. ज्या ठिकाणी मनुष्यच उपकरण बनतो त्या ठिकाणी, काम कितीही थोर म्हणवून घेत असले, तरी त्यास नाही म्हणावे.

हे माप कोठून आले ते मुंबईच्याच इतिहासात दिसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन ह्या यहूदी शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली. ती मनुष्यास सोसते की नाही हे कळावे कसे? त्या काळी देहाची नक्कल करणारे उपकरण नव्हते. कोणाच्या तरी देहात ती प्रथम घालावी लागणार होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्याने ती स्वतःच्या देहात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील, आपण होऊन पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली गेली. हाफकिनाचे धैर्य वंदनीय आहे. तथापि तुरुंगातील कैदी "मी आपण होऊन आलो" असे म्हणतो तेव्हा तो कितीसा मोकळा असतो, हा प्रश्न उरतोच. औषधाच्या परीक्षेत पहिला देह कोणाचा, हा जुना प्रश्न आहे. आणि जगाची रीत पाहिली तर तो देह बहुधा कैद्याचा, अनाथाचा, गरिबाचा, परजातीचा असतो.

एक दुसरे उदाहरण त्याहून दुःखाचे आहे. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीचा एक तुकडा डॉक्टरांनी तिला न विचारता काढून प्रयोगशाळेत दिला. त्या मूलपेशी नव्हत्या, कर्करोगाच्या पेशी होत्या. पण देहाबाहेर अखंड वाढत राहिलेल्या मनुष्याच्या त्या पहिल्या पेशी ठरल्या. ती बाई त्याच वर्षी ३१ व्या वर्षी मरण पावली. तिच्या पेशींवर पोलिओच्या लसीची परीक्षा झाली, जगभर त्या विकल्या गेल्या, आणि तिच्या घरच्यांस ह्यातले काही सुमारे वीस वर्षे कळले नाही. पेशींचे जे काही केले ते बहुतांशी लोकांच्या कल्याणाचेच होते. पाप कोठे झाले? पेशींशी झाले नाही. ज्या बाईस "आम्ही हे घेऊ का?" असा एक प्रश्न विचारावयाचा होता, तिला तो विचारला नाही, तेथे झाले. तिला शेजारीण मानण्याऐवजी खाण मानले. म्हणून आपण हे लक्षात ठेवू की, बशीतील पेशी कोणाची शेजारी नसली तरी तिच्यामागे एक शेजारी उभा असतो. नाळ असो, मज्जा असो, रक्त असो, देणाऱ्यास समजेल अशा भाषेत विचारून, त्याची खुशी असेल तरच ते घ्यावे. आणि आपल्या बायाबापड्यांनीही अंगठा उठविण्यापूर्वी, "हे कशासाठी?" असे विचारावयास लाजू नये.

आता सर्वांत कठीण गोष्टीकडे येऊ. मूलपेशी मिळविण्याचा एक मार्ग मज्जेतून व नाळेतून जातो. दुसरा मार्ग गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतून जातो. १९९८ साली अमेरिकेतील जेम्स थॉमसन ह्यांनी काही दिवसांच्या मानवी गर्भातून अशा पेशी काढिल्या, आणि आपल्या परळ येथील राष्ट्रीय संशोधन संस्थेतही तशा पेशींचे दोन वंश तयार झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. अपत्यहीन जोडप्यांच्या उपचारात जे गर्भ वापरावयाचे उरतात ते ह्या कामी देतात. पेशी काढल्या की तो गर्भ संपतो. भारतात चौदा दिवसांपुढे असा गर्भ प्रयोगशाळेत वाढविण्यास मनाई आहे.

ह्या बाबतीत ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, हे सरळ सांगितले पाहिजे. कित्येक देवभीरू माणसे म्हणतात की, उरलेला गर्भ टाकूनच द्यावयाचा तर त्यापासून कोणा रोग्याचे कल्याण का होऊ नये? कित्येक म्हणतात की, गर्भधारणेच्या क्षणापासून तो मनुष्य आहे. मी येथे कोणाच्या विवेकावर जू ठेवीत नाही. परंतु आपल्या मापाने पाहता मला असे वाटते: गवताच्या गंजीत एखादे मूल झोपले असेल अशी नुसती शंका आली तरी शेतकरी तिच्यात दाताळे खुपशीत नाही. आत मूल आहेच, हे सिद्ध होईपर्यंत तो थांबत नाही. शंका पुरे होते. पेशीविषयी मला अशी शंका नाही, गर्भाविषयी आहे. आणि दुसरी वाट असताना शंकेची वाट का धरावी? जपानातील शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मनुष्याच्या सामान्य, वाढ झालेल्या पेशीस पुनः मूलपेशीसारखी करून दाखविले, व त्याबद्दल त्यांस २०१२ साली जॉन गर्डन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आता मोठ्या माणसाच्या कातडीच्या कणापासूनही अशा पेशी मिळू शकतात, व आजची पुष्कळ उपकरणे त्यांच्यावरच चालतात. ज्ञानाने एक वाट बंद असता दुसरी उघडून दिली, ह्याबद्दल आपण आभार मानावेत.

मेंदूच्या पेशींचे गोळेही २०१३ पासून वाढविले जात आहेत. ते वाटाण्याएवढे असतात. त्यांस सुखदुःख कळते असे मानण्यास आधार नाही. परंतु पुढे कधी अशा एखाद्या गोळ्यास वेदना होऊ शकते असे दिसून आले, तर त्याच दिवशी आपले माप पुनः हाती घ्यावे लागेल. मुक्या जनावराच्या वेदनेचाही विचार करावा असे ज्यांस शास्त्र शिकविते, त्यांनी ह्याची हेळसांड करू नये.

जनावरांचे नाव निघाले म्हणून सांगतो. औषधांच्या परीक्षेत दरवर्षी असंख्य उंदीर व ससे मरतात. तरी त्यांचा देह आपल्या देहासारखा नसल्याने ती साक्ष कधीकधी खोटी ठरते. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ साली जर्मनीत विक्रीस निघाले व गरोदर बायांस ओकाऱ्यांवर दिले गेले. उंदराचा गर्भ ते सोसतो, मनुष्याचा सोशीत नाही. १९६१ साली ते मागे घेईपर्यंत हजारो मुले हातापायांनी अपुरी जन्मली. मनुष्याच्या पेशींचे उपकरण अशा वेळी उंदराहून खरी साक्ष देईल अशी आशा आहे. मात्र तेही पूर्ण देह नव्हे. एक तुकडा यकृताचे सांगेल, अंतःकरणाचे सांगणार नाही. म्हणून उपकरणातील परीक्षेनंतरही मनुष्यावरील परीक्षा लागतेच; ती हळूहळू, कायद्याने, समजावून व देखरेखीखाली व्हावी लागते.

आता मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे सर्व लिहिले. आपल्या एखाद्या मंडळीत असे घर असते, जेथे मूल चालत नाही, बोलत नाही, किंवा कर्त्या पुरुषास अपघातात पाठीचा मणका मोडून अंथरूण धरावे लागले आहे. त्या घरी कोणी येऊन सांगतो की, मोठ्या शहरात मूलपेशींचे इंजेक्शन देतात. लाखो रुपये लागतात, पण गुण येतोच. बाप शेत गहाण ठेवावयास निघतो. निघण्यापूर्वी तो उपदेशकाच्या ओसरीवर येऊन विचारतो, "गुरुजी, जाऊ का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर "देवावर भरवसा ठेव" एवढ्यावर सोडू नये. त्या बापाचा भरवसा आहे म्हणूनच तो विचारावयास आला आहे. त्यास खरी माहिती दिली पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २०१७ साली काढलेल्या नियमांत असे स्पष्ट आहे की, रक्ताच्या ठरावीक रोगांत होणारे मज्जारोपण वजा करता, मूलपेशींचा उपयोग रोग्यावर करावयाचा तो केवळ मान्यताप्राप्त परीक्षेतच करावा. त्याबाहेर तो करणे हा वैद्यकीचा दुराचार होय. सरकारी औषध अधिकाऱ्यांनी रीतसर परीक्षा होऊन मान्यता दिलेली काही थोडी पेशींची औषधे आहेत, ती ठरावीक रोगांसाठीच आहेत. आणि जेथे खरी परीक्षा चालते तेथे रोग्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घेत नाहीत, कारण तेथे रोगी हा घेणारा नसून देणारा असतो.

म्हणून उपदेशकाने त्या बापास चार गोष्टी विचारावयास शिकवावे. हा मान्यता मिळालेला उपचार आहे की परीक्षा आहे? परीक्षा असेल तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आहे काय, व तिचा क्रमांक कोणता? परीक्षा असूनही आपण पैसे का मागता? आणि ज्या कागदावर मी सही करावयाची तो मराठीत लिहून मला घरी नेऊ द्याल काय? खरा डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावणार नाही. जो रागावेल, घाई करील, किंवा "जागा भरत आल्या आहेत" म्हणेल, त्याच्या दारातून परत यावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मिशन दवाखान्याच्या डॉक्टरांस ते कागद दाखविल्यावाचून शेतास हात लावू नये. वाचता येणारा मंडळीतील एखादा तरुण बरोबर द्यावा. ही सेवा प्रार्थनेहून कमी पवित्र नाही.

येथे आपले माप पुरते कळते. पवईसारख्या ठिकाणी माणसे महिनोन्महिने पेशींखालचे अंथरूण मऊ करीत बसतात. दुसरीकडे अंगठ्याएवढ्या तुकड्यात फुप्फुसाचा श्वास चालवून पाहतात. हे सर्व अशासाठी की औषधाचा गुणदोष त्या तुकड्यास आधी कळावा, लेकरास नंतर. परंतु जो मनुष्य ही सारी परीक्षा वगळून, कशाचा पुरावा न देता, पैसे घेऊन पांगळ्या लेकराच्या पाठीत सुई घालतो, तो त्या लेकरालाच आपले उपकरण करितो. आणि त्या उपकरणाची किंमत लेकराच्या बापाकडूनच घेतो. देवाच्या प्रतिरूपास देहाच्या प्रतिरूपाच्या जागी बसविणे ते हेच. ह्या पापास नवे नाव आहे, पण पाप जुने आहे. संदेष्ट्यांनी गरिबास जोड्याच्या किंमतीत विकणाऱ्यांविरुद्ध जे सांगितले ते त्यास लागू आहे.

आणि तो बाप शेत न विकता परतला, तर मंडळीचे काम संपले असे नव्हे. तेथून ते सुरू होते. ज्या आशेस आपण नाही म्हणालो तिच्या जागी आपण काय ठेवणार? मूल चालत नसेल तर त्यास शब्बाथ शाळेत उचलून कोण आणील? आईस चार तास झोप मिळावी म्हणून रात्री त्याच्याजवळ कोण बसेल? जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकविणाऱ्याकडे त्यास नेण्यासाठी गाडीभाडे कोण देईल? छप्पर उकलून आपल्या मित्रास प्रभूच्या पायांशी सोडणारे ते चौघे जण शहाणे वैद्य नव्हते. त्यांच्यापाशी चार खांदे होते, व ते त्यांनी दिले. मंडळीने बापास घरी परत पाठविले आणि खांदा दिला नाही, तर पुढच्या वेळी तो तिला विचारावयास येणार नाही. आणि त्याबद्दल आपण त्यास दोष देऊ शकणार नाही.

पवईतील अंथरुणाने पेशींविषयी जे दाखविले तेच मंडळीविषयीही खरे आहे. कठीण बशीत चांगल्या पेशीही लवकर थकतात. आपली मंडळी दुखणाईतास व त्याच्या घरच्यांस कशी वाटते, कठीण की मऊ? ज्याच्या घरी पांगळे मूल आहे तो उपासनेस येऊन शेवटच्या बाकावर बसून निघून जात असेल, तर आपली जमीन तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पेशींचे अंथरूण मऊ करण्यास शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षे लागली. आपल्यास हे काम येत्या रविवारी, त्याच्या शेजारी जाऊन बसण्याने आरंभता येईल.

जगाचा निर्माता, ज्याने मातेच्या उदरात आपणा प्रत्येकास विणले, तो शोध करणाऱ्यांस नम्रता देवो, रोग्यांस खोट्या आशेपासून राखो, आणि आपल्या मंडळ्यांस एकमेकांचे ओझे वाहावयास शिकवो. आमेन.